माजी सैनिक आणि शासनाचे उत्तरदायित्व

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात सैन्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते सांगणारी गावे पुष्कळ आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. शिरोळ तालुक्यातील टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखली जाते. या गावांतून भरती होणाऱ्या तरुणांचे कौतुक आपण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु तोच तरुण पंधरा-सतरा वर्षांनी ट्रंक घेऊन गावी परततो, त्यानंतर त्याचा आणि शासनाचा संबंध कसा राहतो, याचा विचार फारसा होत नाही.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण मंत्र्यांची संसदेला असलेली जबाबदारी, लोकलेखा समिती, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, न्यायालयीन पुनर्विलोकन ही प्रकरणे शिकतो. परीक्षेत त्यांची व्याख्या लिहितो. या संस्थांचे काम एखाद्या निवृत्त जवानाच्या किंवा त्याच्या विधवेच्या दारापर्यंत कितपत पोहोचते, हे तपासून पाहिले तर त्या व्याख्यांना अर्थ येईल. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे. देखरेखीच्या इतक्या संस्था असूनही माजी सैनिकाला त्याचे न्याय्य देणे मिळण्यास वर्षे का लागावीत, हा आपला प्रश्न आहे.

दान की देणे?

प्रथम एका मूलभूत गोष्टीचा निर्णय केला पाहिजे. निवृत्तिवेतन ही मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी आहे, की सेवकाने आयुष्य खर्ची घालून मिळविलेला हक्क? पहिली कल्पना जुनी, राजेशाहीच्या काळातली. लढाईहून परतलेल्या शिपायाला राजा इनाम देई. न दिले तरी राजाला जाब विचारणारा कोणी नसे.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा निकाल १७ डिसेंबर १९८२ रोजी लागला. ‘नकारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निर्वाळा दिला. शासनाने १९७९ साली निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले, पण त्या वर्षीच्या मार्चअखेरची सीमारेषा आखून आधी निवृत्त झालेल्यांना लाभातून वगळले होते. केवळ निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गाचे असे दोन तुकडे पाडणे घटनेच्या चौदाव्या कलमाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले. या निर्णयाचा लाभ मुलकी सेवकांप्रमाणेच सैनिकांनाही झाला.

यातून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. दान उशिरा दिले तरी दात्याला दोष देता येत नाही. देणे मात्र ठरल्या वेळी द्यावे लागते. आणि ते थकले तर का थकले, याचे उत्तर देण्यास कोणीतरी बांधलेला असावा लागतो. उत्तरदायित्व या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच.

कागदाचा प्रवास

जवान बहुधा पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो. मुलकी कर्मचारी ज्या वयात संसाराची घडी बसवितो, त्या वयात याला नवा व्यवसाय शोधावा लागतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. म्हणून निवृत्तिवेतन हा त्याच्या घराचा मुख्य आधार असतो.

या निवृत्तिवेतनाचा कागद किती हातांतून जातो ते पाहू. सेवेची सर्व नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते; मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. मंजुरीचा आदेश संरक्षण लेखा विभागाच्या प्रयागराज येथील कार्यालयातून निघतो. वाटप पूर्वी बँका करीत. २०२१ पासून ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून ते थेट होऊ लागले. धोरण दिल्लीत ठरते. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग २००४ साली निर्माण झाला. औषधोपचारासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. या मंडळांचे मूळ १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतर, स्थापन झालेल्या सैनिक मंडळात आहे.

खेड्यातल्या माणसाला यांपैकी जिल्ह्याचे कार्यालय तेवढे माहीत असते. तेथे त्याचा अर्ज लिहून मिळतो, पुढे पाठविला जातो. परंतु निवृत्तिवेतन मंजूर करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला नाही. ज्याला अधिकार आहे तो दूर आहे आणि जो जवळ आहे त्याला अधिकार नाही, अशी ही रचना आहे. प्रत्येक टेबलाकडे कामाचा एक तुकडा असतो. आपला तुकडा आपण पुरा केला, असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे म्हणता येते. संपूर्ण काम वेळेत झाले की नाही, याचे उत्तर देणारा मात्र सापडत नाही.

२०२२ च्या एप्रिल अखेरीस याचे प्रत्यंतर आले. नव्या व्यवस्थेत वर्ग झालेल्या ५८ हजारांहून अधिक निवृत्त सैनिकांचे व कुटुंबांचे त्या महिन्याचे निवृत्तिवेतन जमा झाले नाही. वार्षिक ओळख-पडताळणीची नोंद यंत्रणेत पोहोचली नव्हती, हे त्याचे कारण. बातम्या आल्या, ओरड झाली, मंत्रालयाने एकवेळची सवलत दिली आणि ४ मे रोजी पैसे जमा झाले. चूक त्वरेने दुरुस्त झाली हे मान्य केले पाहिजे. पण ती दुरुस्त करण्यास देखरेखीच्या नेहमीच्या संस्था पुढे आल्या नव्हत्या. हजारो माणसे एकाच दिवशी अडली म्हणून आवाज झाला. एकटादुकटा माणूस अडला असता तर?

अपंगत्वाचे निवृत्तिवेतन

या ‘एकट्यादुकट्या’ माणसाची गोष्ट अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनात दिसते. सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या व्याधीने सैनिक निदान वीस टक्के अपंग ठरला, तर त्याला हे वेतन मिळते. यासंबंधीचे १९८२ चे नियम वाचले तर ते उदार वाटतात. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत जो निरोगी ठरला त्याला पुढे रोग जडला, तर तो सेवेतच उद्भवला असे सामान्यतः धरावे. पुराव्याचा भार सैनिकावर टाकू नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे त्यांत म्हटले होते. यामागचा विचार सरळ आहे. भरतीची कसून तपासणी शासनानेच केलेली असते, आणि बर्फात वा वाळवंटात कोठे पाठवावयाचे हेही शासनच ठरविते.

आता व्यवहार पाहा. १९८५ साली भरती झालेल्या एका सिपायाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली वीस टक्के अपंगत्वामुळे सेवामुक्त करण्यात आले. वैद्यकीय मंडळाने व्याधीचा सेवेशी संबंध नाही, असे मत दिले. दावा १९९५ साली फेटाळला गेला. उच्च न्यायालयात एकदा तो जिंकला, पुढे खंडपीठापुढे हरला, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. भरतीच्या वेळी या व्याधीची नोंद नव्हती आणि मंडळाने आपल्या मताला कारणे दिली नव्हती; तेव्हा नियमातील गृहीतक सैनिकाच्या बाजूनेच लागू होते, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाने येथे नवा कायदा केला नाही. १९८२ साली जे नियम लिहिलेले होते तेच वाचून दाखविले. तेवढ्यासाठी सेवामुक्तीपासून एकोणीस वर्षे गेली.

डिसेंबर २०१४ मध्ये असाच दुसरा निर्णय झाला. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यापर्यंत मोजण्याची सवलत, उदाहरणार्थ पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास धरणे, ही व्याधीमुळे मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच आहे, पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्या अपंगांना नाही, अशी शासनाची भूमिका होती. न्यायाधिकरणांचे निकाल या भूमिकेच्या विरोधात जात होते आणि शासन त्यांवर अपिले करीत होते. सर्वोच्च न्यायालयाने अशी शेकडो अपिले एका फटक्यात फेटाळली. पुढच्या वर्षी, गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, मंत्रालयाचे दावे व गाऱ्हाणी कमी कशी करावीत हे सुचविण्यास तज्ज्ञांची समिती नेमली गेली. आपल्याच अपंग सैनिकांविरुद्ध सरसकट अपिले करण्याच्या प्रथेवर तिने बोट ठेवले. स्वतःचे काय चुकते हे शोधण्यास शासनाने स्वतःच समिती नेमावी, ही उत्तरदायित्वाच्या दृष्टीने चांगली घटना होय.

समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रत्येक वेतन आयोगानंतर नव्याने निवृत्त होणाऱ्याचे निवृत्तिवेतन वाढते. जुना मागे पडतो. तोच हुद्दा, तेवढीच सेवा, पण १९९५ सालचा हवालदार आणि २००६ नंतरचा हवालदार यांच्या पासबुकात मोठी तफावत. मुलकी सेवकांतही ही तफावत असते. परंतु ते साठीपर्यंत सेवेत असल्यामुळे मधल्या वेतनवाढी त्यांना मिळतात. अडतिसाव्या वर्षी घरी आलेल्या जवानाला त्या मिळत नाहीत.

या मागणीची दखल राज्यसभेच्या याचिका समितीने घेतली. महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून पुढे आपल्या परिचयाचे झालेले भगतसिंग कोश्यारी हे तिचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ च्या अहवालात समितीने मागणी न्याय्य ठरविली. फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतरिम अर्थसंकल्पात ती तत्त्वतः मान्य झाली. जून २०१५ मध्ये वृद्ध सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणास बसले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी योजनेची घोषणा आणि ७ नोव्हेंबरला अधिसूचना झाली. १ जुलै २०१४ ही अंमलाची तारीख ठरली आणि दर पाच वर्षांनी फेरआकारणी करावयाची, असे शासनाने स्वतः लिहून दिले.

‘दर पाच वर्षांनी’ हे शब्द मूळ मागणीशी जुळत नाहीत, वाढ आपोआप व्हावी, असे म्हणत माजी सैनिकांची संघटना न्यायालयात गेली. १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे धोरण वैध ठरविले. शासनाची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे: लाखो लोकांचा वार्षिक भार हजारो कोटींचा असतो, आणि तिजोरीवर कोणता भार किती टाकावा हे ठरविणे निवडून आलेल्या सरकारचे काम आहे. परंतु त्याच निकालात न्यायालयाने दुसरी गोष्ट सांगितली. पाच वर्षांची अट तुमचीच आहे. तेव्हा १ जुलै २०१९ पासूनची फेरआकारणी करा आणि थकबाकी तीन महिन्यांत द्या.

तीन महिन्यांची मुदत वाढत गेली. २३ डिसेंबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने फेरआकारणी मंजूर केली. लाभधारक २५ लाखांहून अधिक होते आणि जून २०२२ पर्यंतची थकबाकी २३,६३८ कोटी रुपये होती. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रालयाने ही रक्कम चार सहामाही हप्त्यांत देण्याचे पत्रक काढले, तेव्हा आमच्या आदेशात असा बदल मंत्रालयाला परस्पर करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. २० मार्च २०२३ रोजी नवे वेळापत्रक ठरले. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना व शौर्यपदकधारकांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढील वृद्धांना ३० जूनपर्यंत, आणि बाकीच्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत रक्कम द्यावयाची होती.

या वेळापत्रकाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी विधवा, मग वृद्ध, मग इतर. फायलीच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे सहा महिनेच. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या दृष्टीने ते उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा असू शकतात. न्यायालयाने काळ घेणेकऱ्याच्या वयावरून मोजला. तरीही हिशेब पाहता, जुलै २०१९ चे देणे शेवटच्या माणसाला मिळण्याची मुदत फेब्रुवारी २०२४ ठरली आणि चारच महिन्यांनी, १ जुलै २०२४ ला, पुढच्या फेरआकारणीची तारीख आली.

देखरेख करणारे कोण?

आता आपल्या पाठ्यपुस्तकातील संस्थांकडे वळू. महालेखापरीक्षक खर्चाची तपासणी करतात. आरोग्य योजनेवरील त्यांच्या २०१५ च्या अहवालात दवाखान्यांतील औषधांचा तुटवडा आणि खाजगी रुग्णालयांना दिलेल्या रकमांतील दोष दाखविले होते. २०२३ मध्ये त्यांनी उलट बाजूही मांडली: निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्वाचे वेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच अधिक आहे, त्याची कारणे तपासावीत. त्याच वर्षी नियमही बदलले. देखरेख म्हणजे केवळ शासनाला सैल हाताने द्यावयास लावणे नव्हे, हे यावरून कळते. खोटा दावा खऱ्या दाव्याची पत घालवितो. तेव्हा चाळणी असलीच पाहिजे.

परंतु विलंब ही चाळणी नाही. विलंबाने खरे आणि खोटे वेगळे होत नाही. ज्याला थांबणे परवडते तो टिकतो आणि ज्याला परवडत नाही तो गळतो. शहरात वकील करू शकणारा निवृत्त अधिकारी टिकेल. कोयनेकाठच्या वाडीतली, सही करतानाही हात थरथरणारी म्हातारी गळेल.

संसदेच्या समित्या शिफारस करतात. ती मानण्याचे बंधन शासनावर नाही. बंधनकारक आदेश देणारी संस्था म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिची शिफारस विधि आयोगाने १९९९ साली केली, कायदा २००७ साली झाला आणि काम २००९ साली सुरू झाले. महाराष्ट्र व गोव्याच्या सैनिकांसाठी मुंबईला तिचे पीठ आहे. त्यापूर्वी साध्या जवानालाही उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. सोय मोठी झाली. पण सदस्यांच्या जागा वेळोवेळी रिक्त राहिल्यामुळे पीठे बंद पडण्याचे प्रसंगही आले.

थोडक्यात, एक संस्था पैसा पाहते, दुसरी धोरण पाहते, तिसरी कायदा पाहते. तिघींचे काम मोलाचे आहे. पण दाव्याला किती दिवस लागले, हे रोजच्या रोज पाहणारी आणि त्याचा जाब घेणारी संस्था यांत नाही. आपल्याकडे ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण इतकी रुळली आहे, की विलंब हा दोष असतो हेच आपण विसरलो.

विलंबाची किंमत कोणाला?

या ठिकाणी एक विषमता ध्यानात येते. १९८३ साली व्याधीमुळे सेवामुक्त झालेला एक सैनिक १९९९ साली उच्च न्यायालयात गेला. तेथे त्याला मधल्या सोळा वर्षांची थकबाकी मिळाली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. या निर्णयाचा आधार पुढे अनेक प्रकरणांत घेतला गेला. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. जुने दावे अमर्याद काळ उकरून काढता येऊ नयेत. पण परिणाम असा, की सैनिकाने उशीर केला तर त्याची किंमत सैनिक मोजतो. शासनाने उशीर केला तर ती कोण मोजतो?

अशी किंमत ठरविता येत नाही, असे नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार वाजवी कारणावाचून माहिती उशिरा दिली तर दिवसाला २५० रुपये, अधिकात अधिक २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्यालाच होतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातही अधिसूचित सेवांना मुदत आहे, आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रकमा लहान असतील; तत्त्व मोठे आहे. रहिवास दाखल्याच्या विलंबाला उत्तर देणारा अधिकारी नेमता येतो, तर अपंग सैनिकाच्या दाव्यालाही तो नेमता आला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, दावा नाकारताना वैद्यकीय मंडळाने व कार्यालयाने सैनिकाला समजतील अशी लेखी कारणे द्यावीत. दुसरी, प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि ती टळल्यास व्याज आपोआप मिळावे. त्यासाठी वेगळा खटला करावा लागू नये. तिसरी, सर्वोच्च न्यायालयाने जो मुद्दा एकदा निकालात काढला आहे, त्याच मुद्द्यावर अपील करण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या सहीने कारण नोंदवावे. यांत तिजोरीवर नवा बोजा फारसा नाही. जे द्यावयाचेच आहे ते वेळेत द्यावे, एवढेच मागणे आहे.

आपण विद्यार्थ्यांनीही हे सर्व दिल्लीवर सोपवून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. नोव्हेंबरात आपल्या गावातील वृद्ध निवृत्त सैनिकाचे वा वीरपत्नीचे हयातीचे प्रमाणपत्र संगणकावर भरून देणे, फेटाळलेल्या दाव्याची कारणे माहितीच्या अधिकाराखाली मागणारा अर्ज लिहून देणे, ही कामे राष्ट्रीय सेवा योजनेच्या कोणत्याही पथकाला सहज जमण्यासारखी आहेत. त्या अर्जावर पाठविल्याची तारीख स्पष्ट घालावी आणि त्याची एक प्रत घरात जपून ठेवावयास सांगावे. शासनाला उत्तर मागण्याची सुरुवात त्या तारखेपासून होते.